ओळखीचा चेहरा : रवी पटवर्धन

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सोसायटीच्या हिशेबांचा इतिहास लिहीन. अकरा वर्षं खजिनदार होतो, तेव्हा त्यांचंही चुकलं नाही. पण पहिल्या वर्षी टँकरला किती पैसे गेले, कन्व्हेयन्सला किती खेपा झाल्या, हे सगळं अहवालात आलेलंच आहे. ते पुन्हा लिहून कोणाला वाचवणार? म्हणून मी एका नटाबद्दल लिहायचं ठरवलं. हा नट आपल्या सोसायटीत कधी आला नाही, तरी आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरात तो दीड वर्ष रोज रात्री साडेआठ वाजता येऊन बसत होता. 'अग्गंबाई सासूबाई'मधले आजोबा, म्हणजे रवी पटवर्धन.

आता कोणी म्हणेल, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका बाकड्याचा आहे. पण ते शेवटी सांगतो. खतावणीत नोंद जिथल्या तिथेच आली पाहिजे, ही बँकेतली सवय अजून गेलेली नाही.

बँकेतले नाटकवाले

पटवर्धन ठाण्याचे रहिवासी आणि रिझर्व्ह बँकेतले नोकरदार. तरुण पिढीला हे विचित्र वाटेल. बँकेतला माणूस आणि नाटक-सिनेमा? पण आमच्या काळी बँक आणि नाटक यांचं नातं फार जवळचं होतं. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा भराभर वाढल्या, भरती सुरू झाली आणि पदवी घेऊन घरी बसलेली मराठी मुलं हजारोंनी बँकांमध्ये शिरली. मी १९७३ साली कारकून म्हणून लागलो. पगार नियमित, कामाची वेळ ठरलेली, आणि संध्याकाळ आपली. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरूच होती. त्यात बँकांच्या आपसातल्या स्पर्धा आल्या. प्रत्येक बँकेत एक क्लब, क्लबात एक कॅरमबोर्ड, आणि कॅरमबोर्डाशेजारी एखादा माणूस नाटकाची वही घेऊन बसलेला असायचाच.

या बँकवाल्यांनी मराठी रंगभूमीला आणि पडद्याला काय दिलं ते पाहा. रत्नाकर मतकरी बँक ऑफ इंडियात होते. १९७८ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. शिवाजी साटम, म्हणजे आपल्या नातवंडांचे एसीपी प्रद्युम्न, सेंट्रल बँकेत कॅशियर होते आणि बँकांच्या नाट्यस्पर्धेतूनच पुढे आले. आणि रिझर्व्ह बँकेत रवी पटवर्धन. या माणसांनी दिवसा लेजर भरली आणि रात्री तालमी केल्या. नोकरीनं घर चालवलं, म्हणून नाटकाला पैशाकडे बघावं लागलं नाही. आमच्या पिढीत हौशी रंगभूमी एवढी बहरली याचं हे एक मोठं कारण आहे, असं मला हिशेबनीस म्हणून वाटतं.

मीही त्यात थोडा होतो. १९७७ साली आमच्या बँकेच्या एकांकिकेत मी साठीच्या बापाची भूमिका केली. वय सव्वीस. केसांना पांढरी पावडर, कपाळावर काळ्या पेन्सिलीनं ओढलेल्या तीन रेघा, आणि कमरेत वाकून खोकायचं. म्हातारपण म्हणजे खोकला, एवढीच तेव्हा माझी समज. पुढे १९८४ मध्ये अधिकारी झालो, विदर्भात बदली झाली आणि नाटक सुटलं. कित्येक वर्षं मी घरी सांगत असे की बँकेनं माझं नाटक घेतलं. खरं सांगायचं तर बदली हे निमित्त होतं. दिवसभर काम करून पुन्हा रात्री बारापर्यंत तालमीला उभं राहण्याची तयारी माझ्यात नव्हती. ज्यांच्यात होती त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत.

साडेसहाव्या वर्षापासून

रवी पटवर्धनांचा जन्म ६ सप्टेंबर १९३७ चा. १९४४ साली मुंबईतल्या नाट्यमहोत्सवात एका बालनाट्यात ते उभे राहिले, तेव्हा वय साडेसहा. तिथून जे सुरू झालं ते चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत थांबलं नाही. म्हणजे जवळजवळ पंचाहत्तर वर्षं. माझं सध्याचं सगळं वय एवढंच आहे!

नोकरी सांभाळून त्यांनी जी नाटकं केली त्यांची यादी वाचली की चकित व्हायला होतं. 'तुघलक', 'बेकेट', 'विषवृक्षाची छाया', 'वीज म्हणाली धरतीला', 'तुझे आहे तुजपाशी'. ऐतिहासिक, सामाजिक, भाषांतरित, सगळ्या जातीची नाटकं. ते गेल्यावर वर्तमानपत्रांनी आकडे दिले, दीडशेहून अधिक नाटकं आणि दोनशेहून अधिक चित्रपट. यातल्या किती नाटकांत त्यांचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरात आलं असेल? फार थोड्या. मराठी नाटकाच्या जाहिरातीत नायक-नायिकेचं नाव ठळक असतं, आणि खाली बारीक टाइपात बाकीच्यांची ओळ असते. पटवर्धनांनी आयुष्यभर त्या खालच्या ओळीत मानानं काम केलं.

याला इंग्रजीत कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणतात, आपण चरित्र अभिनेता म्हणतो. म्हणजे नेमकं काय, तर ज्याच्यावाचून गोष्ट उभी राहत नाही, पण गोष्ट ज्याची नाही, तो. न्यायाधीश असल्याशिवाय खटल्याचा सीन होत नाही. गावचा पाटील खवळल्याशिवाय नायकाला गाव सोडता येत नाही. पोलीस कमिशनरनं टेबलावर हात आपटल्याशिवाय इन्स्पेक्टर जागा होत नाही. भरदार आवाज, भारदस्त अंग, मोठे डोळे आणि मिशा, यांमुळे पटवर्धनांच्या वाट्याला नेहमी अशी अधिकाराची माणसं आली. पाटील, सरपंच, मंत्री, न्यायाधीश, कमिशनर, आणि मधूनमधून खलनायक. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये ते होते. एन. चंद्रांच्या 'अंकुश', 'प्रतिघात', 'तेजाब', 'नरसिम्हा' या हिंदी चित्रपटांतही होते. 'तेजाब' पाहिला म्हटलं की लोकांना माधुरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण पुन्हा लागला तर जरा बाकीच्या चेहऱ्यांकडेही बघा.

बँकेतही असंच असतं हो. मॅनेजरचं नाव केबिनच्या दारावर, पण शाखा चालते ती हेड कॅशियरवर आणि त्या एका जुन्या शिपायावर, ज्याला कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते माहीत असतं.

वस्ताद पाटील

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आम्ही तेव्हा गिरगावातल्या चाळीत. तिसऱ्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता, आणि शनिवार-रविवार तिथे दाराबाहेर चपलांचा ढीग. पण मला आठवतं ते शनिवारच्या सिनेमापेक्षा संध्याकाळचं 'आमची माती आमची माणसं'. कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी. आता गिरगावात कोणाची शेती? गॅलरीत एक तुळस आणि डालड्याच्या डब्यात लावलेला ओवा, एवढाच आमचा सातबारा. तरी आम्ही तो कार्यक्रम बघायचो. एक तर दुसरं चॅनल नव्हतं. दुसरं म्हणजे त्यात 'गप्पागोष्टी' असायच्या. गावातली चार माणसं बसून बोलतात, आणि बोलता बोलता खत, बियाणं, फवारणी, कर्ज असे विषय येतात. त्यातले वस्ताद पाटील म्हणजे रवी पटवर्धन.

आजच्या मुलांना यातलं अवघडपण कळणार नाही. कॅमेऱ्यासमोर बसून युरियाची मात्रा सांगायची, आणि ती पाटलानं सांगितल्यासारखी वाटली पाहिजे, सरकारी पत्रकासारखी नाही. मी नंतर विदर्भात शाखेत होतो तेव्हा पीककर्जाची माहिती सांगायला गावोगाव जायचो. पहिल्या सभेत मी बँकेच्या परिपत्रकाच्या भाषेत बोललो. लोक उठून गेले. दुसऱ्या गावात मला वस्ताद पाटील आठवले. आधी पावसाबद्दल बोललो, मग बैलांबद्दल, मग व्याजाबद्दल. त्या दिवशी एकोणीस अर्ज आले. शहरात वाढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला खेड्यातल्या माणसासमोर बसायचं कसं, हे मी एका बँकवाल्या नटाकडूनच शिकलो, तेही टीव्हीवरून.

पुढे टीव्ही रंगीत झाला. १९९९ साली अल्फा मराठी आलं, त्याचंच पुढे झी मराठी झालं. २००१ साली आम्ही टिटवाळ्याला राहायला आलो. मुंबईत घर परवडत नव्हतं, आणि महागणपतीचं गाव म्हणून आईला आवडलं. त्या वेळी इथे लोडशेडिंग इतकं असायचं की मालिकेचा निम्मा भाग इथे बघायचा आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये कल्याणवाल्यांकडून ऐकायचा. जुन्या सभासदांना आठवत असेल.

दोनदा धृतराष्ट्र

पटवर्धनांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. ती टीव्हीवरची नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९७४ साली रत्नाकर मतकरींनी 'आरण्यक' हे नाटक केलं. महाभारताचं युद्ध संपलेलं आहे. पांडव राज्य करताहेत. शंभर मुलं गमावलेला धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर ही म्हातारी माणसं राजवाडा सोडून वनात जातात. सगळं संपल्यावर उरलेल्यांची ही गोष्ट. त्यात धृतराष्ट्र झाले रवी पटवर्धन. विदुर होते दिलीप प्रभावळकर. पटवर्धनांचं वय तेव्हा सदतीस. सदतिसाव्या वर्षी त्यांना आंधळा, पुत्रहीन, राज्य गेलेला म्हातारा व्हायचं होतं.

२०१८ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, मतकरींनी तेच नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. आणि धृतराष्ट्र पुन्हा रवी पटवर्धनच. विदुर पुन्हा प्रभावळकर. गांधारी प्रतिभा मतकरी. आता पटवर्धनांचं वय एक्याऐंशी. या वेळी म्हातारपण रंगवायची गरज नव्हती, ते आलेलंच होतं. उलट आता दुसरीच गोष्ट अवघड होती. लांबच्या लांब संवाद पाठ ठेवायचे, उभं राहायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. उतारवयात त्यांनी भगवद्गीता पाठ केली होती, असं मी वाचलं होतं. सातशे श्लोक! माझ्यासारखा माणूस गॅसचा नंबर लावायला फोन उचलतो आणि ग्राहक क्रमांक विसरतो.

मी आणि सौ. ठाण्याला जाऊन ते नाटक पाहून आलो. ठाणं म्हणजे आम्हाला नाटकाचं माहेर. गडकरी रंगायतन १९७८ साली झालं तेव्हापासून आमची वारी चालू आहे. त्या रात्री धृतराष्ट्र बोलायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की मी १९७७ साली जो म्हातारा केला होता तो किती खोटा होता. या म्हाताऱ्याला खोकायची गरज नव्हती. त्याचं म्हातारपण कमरेत नव्हतं, ते आपलं कोणी ऐकणार नाही हे माहीत असूनही बोलत राहण्यात होतं. परतताना कसारा लोकलमध्ये सौ. म्हणाली, "आपल्याला नाही हो कोणी वनात पाठवलं, हे नशीब." मी म्हटलं, "टिटवाळा हे वनच होतं की आपण आलो तेव्हा!" दोघंही हसलो. पण कल्याण गेल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

आजोबा आले

जुलै २०१९ मध्ये झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली. निवेदिता सराफांची आसावरी, तेजश्री प्रधानची शुभ्रा, गिरीश ओकांचे अभिजित राजे, आणि आसावरीचे सासरे दत्तात्रय कुलकर्णी, म्हणजे आजोबा. विधवा सासूचं लग्न सून लावून देते, असा विषय. आजोबा त्याच्या आड उभे. तापट, हट्टी, घरात शब्द खाली पडू न देणारे. आणि नातवाला हाक मारताना तोंडात सतत "कोंबडीच्या!"

पंचाहत्तर वर्षांच्या कारकिर्दीत दीडशे नाटकांनी जे दिलं नव्हतं ते या एका शब्दानं दिलं. शेंबड्या पोरापासून सगळे त्यांना ओळखायला लागले. आपल्या आवारात त्या वर्षी क्रिकेट खेळणारी मुलं कॅच सुटला की एकमेकांना "कोंबडीच्या" म्हणायची. वॉचमननं ऐकून तक्रार केली की मुलं शिव्या देतात!

त्या भूमिकेचं मला विशेष वाटलं ते हे. लेखकानं आजोबांना विरोधक म्हणून उभं केलं होतं, खलनायक म्हणून नव्हे. ज्या सुनेनं पंचवीस वर्षं आपलं सगळं केलं, ती लग्न करून गेली तर आपलं काय, ही भीती त्या रागाच्या खाली होती. पटवर्धनांनी ती भीती दिसू दिली. म्हणून बायकांनाही त्यांचा राग आला नाही, दया आली. आमच्या घरी सौ. म्हणायची, "ओरडतात, पण घाबरलेत बिचारे." एवढं कळण्यासाठी त्या नटानं आयुष्यभर किती पाटील आणि न्यायाधीश ओरडून पाहिले असतील!

आपल्या तळमजल्यावर तेव्हा एक काका राहत. नाव लिहीत नाही, जुन्या सभासदांना कळेल. रेल्वेतून निवृत्त, वय पटवर्धनांएवढंच. गेटजवळ बदामाच्या झाडाखाली जे बाकडं होतं ते त्यांचं सिंहासन. सकाळी दूधवाल्यापासून रात्री शेवटच्या लोकलनं येणाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी ते घेत. स्वभाव तापट. मालिका सुरू झाल्यावर पोरांनी त्यांचंच नाव 'आजोबा' ठेवलं, आणि त्यांना ते आवडलं. तेही पोरांना "कोंबडीच्या" म्हणायला लागले. साडेआठला बाकड्यावरून उठून घरात जायचे, नऊला पुन्हा हजर, आणि आलागेला दिसेल त्याच्याशी आजच्या भागाची चर्चा.

पासष्टच्या वर

मार्च २०२० आला. लोकल थांबल्या. टिटवाळ्याच्या स्टेशनात शांतता असते हे आपण पहिल्यांदाच पाहिलं. मालिकांचं चित्रीकरण बंद झालं आणि जुने भाग लागायला लागले. मे महिन्यात मतकरी कोरोनानं गेले. मे अखेरीस सरकारनं चित्रीकरणाला अटी घालून परवानगी दिली. त्यातली एक अट अशी, की पासष्ट वर्षांवरच्या कलावंतांनी सेटवर यायचं नाही. १३ जुलैपासून झी मराठीवर नवे भाग सुरू झाले, पण त्या वयाच्या नटांना दार बंद.

हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्यांना धोका जास्त होता, हे खरंच होतं. पण एक सत्तर वर्षांचे कलावंत मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माझं पोट यावर चालतं, आणि पासष्टच्या वरच्या दुकानदाराला दुकान उघडता येतं, तर मला काम का करता येऊ नये? ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं ती अट रद्द केली. एका वयाच्या वरच्या कलावंतांना वेगळं काढून त्यांच्या पोटावर पाय द्यायला काही आधार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. मी तो पेपरात दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला घाम फुटला.

कारण जून महिन्यात आपल्या सोसायटीनं अशीच एक नोटीस लावली होती. पासष्ट वर्षांवरील सभासदांनी आवारात बसू नये. आणि नोटिशीचं कोणी ऐकत नाही म्हणून कमिटीनं बदामाखालचं बाकडं उचलून गच्चीवर टाकीमागे ठेवलं. त्या नोटिशीवर सही माझी आहे. फाइलमध्ये आजही आहे. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, म्हणजे नोटीस मलाही लागू होती. पण मला कामं होती. किराणा, औषधं, सॅनिटायझरचा हिशेब, या निमित्तानं मी दिवसातून चार वेळा खाली उतरत होतो. काकांना काम नव्हतं. त्यांना फक्त बसायचं होतं. बसणं हे त्यांचं कामच होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

न्यायालयानं चूक दुरुस्त केली. आपण नाही केली. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. नोटीस आपोआप फाटली, पण बाकडं गच्चीवरच राहिलं. कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवार, ५ डिसेंबर २०२० च्या रात्री रवी पटवर्धन ठाण्यात हृदयविकारानं गेले. चौऱ्याऐंशीवं वर्ष चालू होतं. मालिका त्यानंतर मार्चपर्यंत चालली. पुढे 'अग्गंबाई सूनबाई' आली, तेव्हा आजोबांच्या भूमिकेत मोहन जोशी आले. तेही मोठे नट. मालिका थांबत नाही, भूमिका रिकामी ठेवता येत नाही. तोच त्या धंद्याचा नियम.

रविवारी सकाळी बातमी कळल्यावर मी तळमजल्यावर गेलो. काका खिडकीत बसले होते. मी म्हटलं, "काका, आजोबा गेले हो." ते म्हणाले, "बघितलं मघाशी बातम्यांत." मग जरा वेळानं म्हणाले, "काम करता करता गेला. बरं झालं." आणि खिडकीतून बदामाकडे बघत राहिले. मी तिथून निघालो.

जानेवारीत काका गेले. कोरोना नव्हता, वय होतं. दहाव्याला त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊ, बाकडं उचललंत तेव्हापासून ते खिडकीतच असायचे. मालिका लावली तरी म्हणायचे, बघून सांगणार कोणाला?" त्यांनी दोष दिला नाही. नुसतं सांगितलं. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

नोंद

हिशेब लिहिताना एक पद्धत आहे. चूक सापडली तर ती खोडायची नाही, तिच्यासमोर दुरुस्तीची नोंद करायची, म्हणजे पुढच्याला दोन्ही दिसतं. म्हणून हे सगळं स्मरणिकेत लिहिलं.

रवी पटवर्धनांचं आयुष्य मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. त्यांना नायकाची भूमिका फारशी मिळाली नाही, पण साडेसहाव्या वर्षापासून चौऱ्याऐंशीपर्यंत त्यांना कोणीतरी जागा देत राहिलं आणि ते ती भरत राहिले. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना धृतराष्ट्र द्यावासा मतकरींना वाटला. त्यानंतर एका मालिकेला त्यांना आजोबा करावंसं वाटलं. माणूस म्हातारा झाला म्हणून संपत नाही, पण त्याला बसायला जागा लागते. कोणाला रंगमंच लागतो, कोणाला बाकडं पुरतं.

आज आपल्या सोसायटीत पासष्टच्या वरचे एकतीस सभासद आहेत. मी वॉचमनच्या रजिस्टरवरून मोजले. २००१ साली आपण आलो तेव्हा चार होते. पंचवीस वर्षांत सगळ्यांत जास्त वाढलेला आकडा हाच आहे, मेंटेनन्सपेक्षाही जास्त.

गच्चीवरचं बाकडं मी जाऊन पाहिलं. पाय गंजलेत, दोन पट्ट्या कुजल्यात. सुताराला विचारलं, दुरुस्त होतं म्हणाला. खर्च मी करणार आहे, सोसायटीच्या खात्यात टाकायचा नाही. रौप्यमहोत्सवाच्या पूजेच्या आधी ते बदामाखाली परत जावं, एवढी कमिटीला विनंती. संध्याकाळी साडेआठच्या सुमारास तिथे मी असेन. मालिका बघून झाली की खाली या. कथा काय झाली ते सांगायला कोणीतरी पाहिजे, आणि ऐकायलाही.